बॅटरी गेलीच नव्हती

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. म्हणजे मला घरातून पावणेसहाला निघावं लागतं आणि जुलैमध्ये पावणेसहा म्हणजे साताऱ्यात अजून अंधारच असतो, वरून पावसाची रिपरिप. डबा, छत्री, पर्स, पोरांच्या तपासलेल्या वह्यांची पिशवी सगळं मागच्या सीटवर टाकलं, किल्ली फिरवली आणि गाडी गुर्र... गुर्र... गु... टक. परत मारला सेल. नुसतं टक. सोमवार ते शुक्रवार हीच गाडी नऊ वाजता एका सेलला चालू होते आणि शनिवार आला की हिला काय होतं कळेना. आमचा पोरगा म्हणाला आई तिला पण शाळेत जायचा कंटाळा येतो.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही कारण तिचा यात काही दोष नाही. बदली होऊन कासच्या पलीकडं बामणोलीच्या अंगाला एका वाडीच्या शाळेत गेले तेव्हा घेतली, कारण त्या रस्त्याला एसटीच्या भरवशावर नोकरी होत नाही. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायचा, पेट्री, मग कासचं पठार, पुढं उतार. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत त्या पट्ट्यात ऊन बघायला मिळालं तर आम्ही स्टाफमध्ये एकमेकांना सांगतो. साताऱ्यात नुसतं भुरभुर असतं तेव्हा वर धो धो असतो आणि पाऊस थांबला की धुकं. दिवसभर गाडी शाळेच्या बाजूच्या जांभळाखाली भिजत उभी. ही जांभूळ लक्षात ठेवा, पुढं येतेच.

तर पहिल्या शनिवारी शेजारच्यांनी त्यांच्या गाडीवरून वायर लावून चालू करून दिली आणि दुपारी येताना मी सरळ मिस्त्रीकडं. त्याच्याकडं पावसाळ्याची गर्दी, दहा गाड्या लायनीत. त्यानं बॉनेट उघडलं, हॉर्न वाजवून बघितला, सेल मारला, म्हणाला मॅडम बॅटरी गेली. किती वर्षं झाली? म्हणलं अडीच. मग बरोबर, आता पावसात कुठं अडकून बसाल, बदलून टाका. मीटर लावला नाही, काही नाही. मला पण तेव्हा कळत नव्हतं की मीटर लावायचा असतो. ४६०० ला नवीन बॅटरी बसली, जुनीचे ७०० वजा झाले. गाडी एकदम फर्स्टक्लास. मी खूश, मिस्त्री खूश.

हे बारा दिवस टिकलं. नंतर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, समजावलं की बारा दिवस का टिकलं ते, नवीन बॅटरी बसवताना टर्मिनल घासली जातात, वायरी हलतात, त्या हलण्यात आत कुठंतरी तात्पुरता कॉन्टॅक्ट चांगला झाला असेल आणि आपल्याला वाटतं बॅटरीचाच गुण आला. तेराव्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी परत गुर्र गुर्र टक. तिथं ना मिस्त्री ना शेजारी. मोबाईलची रेंज पण ओसरीच्या एकाच कोपऱ्यात.

भाताची लावणी चालू होती, खालच्या खाचरातून तीन जण इरली तशीच डोक्यावर ठेवून वर आले आणि हेडसर चौथे. धक्का स्टार्ट. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, किल्ली ऑन ठेवायची, क्लच पूर्ण दाबायचा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, पहिल्यात नाही, पहिल्यात फार जोराचा झटका बसतो. गाडी माणूस भरभर चालतो तेवढ्या स्पीडला आली की क्लच पटकन सोडायचा आणि इंजिन पकडलं की लगेच परत दाबायचा. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्या अशा चालू होत नाहीत कारण पेट्रोल पंपाला आणि कॉम्प्युटरला करंट लागतोच, आणि ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तर हा प्रयोग करूच नका. आमच्या शाळेपुढं उतार आहे म्हणून जमलं. चौथीची पोरं मागं पळत "मॅडमची गाडी, मॅडमची गाडी" ओरडत होती, हेडसरांनी त्यांना दरडावून मागं घेतलं.

आता यातसुद्धा एक खूण होती जी मला तेव्हा दिसली नाही. धक्का मारताना डॅशबोर्डवरचे दिवे झक्क लागले होते. रेडिओ चालू होता. बॅटरी गेलेली असती तर हे सगळं मिणमिणलं असतं.

मग मी दुसऱ्या मिस्त्रीकडं गेले, कारण पहिल्याकडं जायची लाज वाटली की राग आला होता काय माहीत. दुसरा म्हणाला स्टार्टरचे बुश गेलेत, आख्खा स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, बदलावा लागेल, ३८०० होतील, पण पार्ट दोन दिवसांनी येईल. पार्ट दोन दिवसांनी येणार हे माझं नशीब. मधल्या एका दिवसात जे झालं त्यानं सगळा उलगडा झाला.

झालं असं की दुसऱ्या दिवशी पेट्रीच्या पुढं टपरीवर चहाला थांबले. धुकं इतकं की टपरीचा दिवाच तेवढा दिसत होता. खरं तर गाडी बंद करायलाच नको होती, पण सवय. चहा पिऊन सेल मारला तर तेच. एक जीपवाला थांबला, त्याच्याकडं जंप वायरी होत्या, त्यानं लाल वायर प्लसला लावली आणि काळी माझ्या बॅटरीच्या मायनसला. सेल मारला, गुर्र गुर्र. फरक शून्य. नवीन बॅटरी, वर अजून एका गाडीची बॅटरी, तरी फरक शून्य! जीपवाला म्हणाला ताई हिचा स्टार्टरच गेलाय. तेवढ्यात खाली साताऱ्याकडं निघालेला दुधाचा टेम्पो थांबला, त्याच्या ड्रायव्हरनं बघितलं आणि म्हणाला काळी तिथं का लावलीस, काळी इंजिनला लावत्यात. त्यानं ती काळी क्लिप बॅटरीवरून काढून इंजिनच्या वरच्या लोखंडी हुकाला लावली. मार म्हणाला. मी किल्ली फिरवली आणि अर्ध्या फेरीत गाडी चालू.

खरं म्हणजे शेवटची काळी क्लिप बॅटरीपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला लावायची हाच नियम आहे, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची क्लिप लावताना ठिणगी उडते. दूधवाल्यानं नियम म्हणून सांगितलं. पण त्या नियमानं चुकून निदान करून टाकलं.

त्या संध्याकाळी मामा वारीहून आले होते. मामा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर, सातारा डेपो, त्यातली बरीच वर्षं याच कास-बामणोली रूटला. दरवर्षी माउलींची पालखी लोणंदला आली की तिथून वारीत सामील होतात ते एकादशी करूनच येतात, म्हणून हे सगळं रामायण त्यांना माहीत नव्हतं. मी ताटं घेता घेता सांगत होते, बॅटरी बदलली, स्टार्टर बदलायचाय, आणि तो दूधवाला असा असा. मामा भाकरी कुस्करायचे थांबले.

"काळी इंजिनला लावली तवा उठली म्हणतीस?"

"हो, लगेच."

"आन बॅटरीला लावली तवा न्हाय?"

"नाही ना."

"मग आगं सूनबाई, बॅटरीबी बरी हाय आन स्टार्टरबी बरा हाय. करंट जातोय, त्याला माघारी यायला वाट न्हाय. अर्थिंग बघ."

हे मला शाळेत शिकवताना रोज सांगायचं असतं, विद्युत परिपथ पूर्ण झाला तरच बल्ब लागतो म्हणून, चौथी-पाचवीच्या पोरांना बॅटरीचा सेल आणि दोन वायरी घेऊन करून दाखवते मी. आणि स्वतःच्या गाडीत डोक्यात आलं नाही की बॅटरीच्या मायनसची जाड वायर गाडीच्या बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला जोडलेली असते आणि स्टार्टरमधून गेलेला करंट त्याच वाटेनं परत येतो. दिव्याला, रेडिओला चारदोन अँपिअर लागतात, ते खराब जोडातूनही येतात. स्टार्टरला एका दमात शंभर-दीडशे लागतात, तिथं जोड खराब असला की संपलं. जंप वायरीनं त्या बिघडलेल्या जोडाला वळसा घातला, बस.

पण मग शनिवारीच का? मामांचं उत्तर सोपं होतं. रात्रभर ओलाव्यात थंड पडलेलं इंजिन, ऑइल जाड झालेलं, ते फिरवायला जोर जास्त लागतो. नऊ वाजेपर्यंत थोडं ऊब येते, जोड थोडा सुकतो आणि गाडी कशीबशी उठते. गरम इंजिन तर पटकन फिरतं म्हणून मिस्त्रीकडं नेल्यावर गाडी शहाण्यासारखी वागते. शाळेपुढं आणि टपरीवर का रुसली, तर पठारावरचं गार धुकं आणि वरून पाणी.

रविवारी दुपारी पाऊस थांबला तेव्हा आम्ही तिघं बॉनेट उघडून उभे. पोराच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घेतलेला ३०० रुपयांचा पिवळा मल्टीमीटर होता घरात, त्यानं काय दिसतं ते बघू म्हणलं. मामांचा मीटरवर विश्वास नाही, ते हातानं तपासतात, पण नातवाच्या हौसेपुढं गप्प बसले.

आधी गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावला, १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. म्हणजे बॅटरी ठीक. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे सेल मारला तरी इंजिन चालू होणार नाही, नुसतं फिरेल. आता खरी गंमत. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर. मी आत बसून सेल मारला आणि पोरगं ओरडलं "आई एक पूर्णांक नऊ!" म्हणजे बॅटरीचा मायनस आणि इंजिन, जे खरं तर एकच असायला पाहिजे, त्यांच्यात १.९ व्होल्टचं अंतर. चांगल्या गाडीत हे ०.२ च्या आसपास असतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की जोड खराब समजायचा. बारातले जवळजवळ दोन व्होल्ट नुसते वाटेतच खाल्ले जात होते. हे बघायला कुणालाही पाच मिनिटं लागतील आणि माझे ३९०० वाचले असते.

मामांनी आधी बॅटरीचा मायनस काढला. मायनस पहिला काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा. उलटं केलं आणि प्लस सोडवताना पान्हा बॉडीला टेकला की वेल्डिंगसारखी ठिणगी उडते, हे त्यांनी पोराला दोनदा बजावलं. मग ती काळी जाड वायर धरून धरून खाली गेले. एक फाटा बॉडीला होता, तो बरा होता. दुसरा गिअरबॉक्सवरच्या बोल्टला, बॅटरीच्या ट्रेच्या मागं, खाली, जिथं हात घालायला कोपर दुमडावं लागतं. तो बोल्ट दिसतच नव्हता. त्याच्या जागी हिरवट पांढरा भुसा साठलेला, तुरटी कुटल्यासारखा. नखानं खरवडलं तर आत ओला. बोल्ट सुटता सुटेना, डब्ल्यूडी-फोर्टी (जाम बोल्ट सोडवायचा स्प्रे) मारून अर्धा तास चहा घेतला मग सुटला. वायरीच्या टोकाची रिंग हातात आली तेव्हा बघितलं, तांब्याच्या तारांची जुडी रिंगच्या तोंडाशी काळी पडून तुटत आलेली, जेमतेम एक तृतीयांश तारा शाबूत. त्यातून दीडशे अँपिअर कुठून जाणार.

अर्थिंगची वायर नवीन आणली, २२० रुपये. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरनं चांदीसारखी होईपर्यंत घासली, रिंग, वॉशर, बोल्ट घट्ट, वरून व्हॅसलिनचा थर. व्हॅसलिन घट्ट केल्यावर वरून लावायचं, आधी मधे फासायचं नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर थोडी पांढरी बुरशी होती ती कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं काढली, फसफसतं आणि निघतं. परत मीटर. सेल मारला, ०.१५. पोरानं तीनदा करून बघितलं. फ्यूज बसवला, गाडी चालू केली, बॅटरीवर चार्जिंग १४.२ आलं. हेच आधी १३.७ येत होतं, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा करंटसुद्धा त्याच सडक्या वाटेनं येत होता आणि नवीन बॅटरी पण हळूहळू उपाशी राहत होती. असंच चार महिने चाललं असतं तर ती खरंच गेली असती आणि मिस्त्री म्हणाला असता बघा, बॅटरीच.

इथं थांबलो असतो तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच झालं असतं. मामा बोल्टाकडं बघत म्हणाले हितं येवढं पाणी येतंय कुठनं? पावसाळ्यात बॉनेटच्या आत थोडं पाणी उडतंच, पण एकाच जागी एवढा भुसा म्हणजे वरून धार लागलेली असणार.

वायपरच्या खाली, काचेच्या बुडाशी काळी जाळीची प्लास्टिकची पट्टी असते ना, तिच्या खाली एक पन्हाळ असतं. काचेवरून उतरलेलं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागं जमिनीवर जातं. मी त्या पट्टीकडं इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. पोरानं वरून एक तांब्या पाणी ओतलं. उजव्या बाजूला खाली धार पडली. डावीकडं काहीच नाही, पाणी तसंच थांबलं आणि मग काठावरून आत, फायरवॉलवरून, म्हणजे इंजिन आणि गाडीच्या आतला भाग यांच्यातल्या पत्र्यावरून, ओघळत, बरोबर त्या बोल्टावर. वायपरचे हात काढून पट्टी उचलली तर आत जांभळाची कुजलेली पानं, चिखल, जांभळाच्या बिया, आणि एका बीला चक्क कोंब फुटलेला! दोन मुठी लगदा निघाला. मामा म्हणाले गाडीत रोपवाटिका केलीस की. भोकात जुनी स्पीडोमीटरची केबल घालून फिरवली, मग खाली भस्सकन पाणी आलं.

आणि याच तांब्याभर पाण्यानं तिसरं कोडं सुटलं, जे मला कोडंच वाटलं नव्हतं. डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट जूनपासून ओलं असायचं, मी म्हणायची छत्रीचं पाणी. पन्हाळ भरलं की एसीची हवा जिथून आत येते तिथूनही पाणी आत उतरायचं. कार्पेट उचललं तर खालचा फोम स्पंज रसगुल्ल्यासारखा. सकाळी गाडीच्या काचा आतून पांढऱ्या व्हायच्या, फडक्यानं पुसून पुसून मी वैतागले होते, त्याचं मूळ हे. गाडीत बादलीभर पाणी घेऊन फिरायचं आणि काचेवर वाफ का धरते म्हणायचं. फोम काढून, दाबून, तीन दिवस टेबलफॅनपुढं ठेवला तेव्हा कुठं सुकला. कुबट वास अजून महिनाभर होता.

वाफेवरून आठवलं, कारण या रस्त्याला मी रोज बघते. काच आतून धुरकट झाली की लोकं एसी बंद करतात कारण बाहेर गारवा असतो. उलट एसी चालूच करायचा, हवेचं बटण काचेवर, आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. एसी हवेतला ओलावा काढतो, त्याचंच तर पाणी गाडीखाली टपकत असतं. तापमान थोडं गरमकडं ठेवलं तर अजून लवकर साफ होते. आणि काच वायपर मारल्यावर साफ होत असेल तर ती वाफ बाहेरची आहे, काच फार गार झालीय, तेव्हा हवा काचेवरून काढून पायाकडं करायची. काच आतून आधी नीट धुऊन घ्या, हाताचे तेलकट डाग आणि धूळ असली की वाफ जास्त धरते. शाम्पूचे दोन थेंब कोरड्या फडक्यावर घेऊन आतून पुसून परत कोरडं पुसलं की दोनतीन दिवस बरं जातं, हे मी करते.

आणि कासला फुलं बघायला येणाऱ्यांनो, हात जोडून विनंती, धुक्यात चारी इंडिकेटर लावून गाडी पळवू नका हो. मागच्याला कळत नाही की तुम्ही थांबलाय, चाललाय की वळताय. साधा डीपर लाईट लावा, अप्पर नको, अप्पर धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. थांबलात तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा आणि मग लावा ते चारी.

बाकी छोटं छोटं. अतिवृष्टीची चार दिवस सुट्टी जाहीर झाली होती तेव्हा गाडी हँडब्रेक ओढून तशीच ठेवली, पाचव्या दिवशी मागची चाकं हलेनात, ब्रेकच्या ड्रमला लायनर चिकटलेले, पुढं मागं करताना ठक्क करून सुटले. तेव्हापासून घरी सपाटीला पहिल्या गिअरमध्ये आणि चाकाला वीट, हँडब्रेक नाही. मामा वस्तीची गाडी बामणोलीला अशीच लावायचे, उताराला तोंड करून चाकाखाली दगड, म्हणजे पहाटे सेल नाही घेतला तरी दगड काढला की उतारावरच धक्का स्टार्ट. सकाळी पहिल्या दोनतीन ब्रेकला खर्रखर्र आवाज येतो तो डिस्कवर रात्रीत धरलेला गंज असतो, त्याला घाबरू नका, किलोमीटरभर गेल्यावरही येत राहिला तर मात्र पॅड बघा. टायरची हवा पावसाळ्यात कमी ठेवायची असते असं कोण कोण सांगतं, ऐकू नका, ड्रायव्हरच्या दारावर स्टिकर असतो तेवढीच. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर राहिलं की कायद्यानं संपला, पण घाटात ओल्या रस्त्यावर ३ च्या खाली गेला तरी मला भरवसा वाटत नाही. आणि खालच्या बाजूला कारखाने चालू झाले की रस्त्यावर उसाचं पाचट आणि ट्रॉलीच्या टायरचा चिखल, त्यावर अवकाळी पाऊस पडला की साबणच.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगते. शाळेच्या अलीकडं ओढ्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल, आहे, एकदा पाणी वरून चाललेलं असताना माझ्यापुढच्या एका पर्यटकानं गाडी घातली आणि मधेच बंद पडली. लोकांनी ओढून काढली. तोपर्यंत ठीक होतं. बाहेर आल्यावर त्यानं लगेच सेल मारला, मी नको नको म्हणेपर्यंत. आतून खाडकन आवाज आला आणि इंजिन जाम. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून बघायचीच नाही, टो करून न्यायची, प्लग काढून पाणी बाहेर काढू दे मिस्त्रीला. इन्शुरन्सवाले पण अशा वेळी हात वर करतात, इंजिनचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर. मी तर आता फरशीवर पाणी दिसलं की अलीकडच्या वाडीत चहा पीत बसते, हेडसरांना फोन करून सांगते. रेंज आली तर.

पुढं डिसेंबर-जानेवारीत पठारावर कडाक्याची थंडी पडली, गवतावर सकाळी दव पांढरं दिसायचं. बॅटरीची खरी परीक्षा तेव्हा असते, थंडीत तिची ताकद कमी होते आणि इंजिनला जोर जास्त लागतो. मामांचं म्हणणं बॅटरी मरते एप्रिल-मेच्या उन्हात, आणि तिचं मयत कळतं पावसाळ्यात नाहीतर थंडीत. शनिवारी पावणेसहाला, स्वेटर, कानटोपी, किल्ली फिरवली, अर्धा सेल आणि चालू. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पोरगं मीटर घेऊन १२.५ का १२.६ ते कॅलेंडरवर लिहितं, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खाली. आणि मी जांभळाखाली गाडी लावत नाही, शाळेच्या मागं लावते, पोरं तिथं लगोरी खेळतात म्हणून काचेची जरा काळजी वाटते तेवढीच.

मामांना मात्र एकच गोष्ट अजून सहन होत नाही, ती जुनी बॅटरी. गाडीत बसले की दर वेळी निघते. "अडीच वर्साची चांगली बॅटरी सातशेला दिली. आता कुणाच्यातरी ट्रॅक्टरला आसंल ती. एका सेलला उठत आसंल त्याचा ट्रॅक्टर."